दांडी का वाकते आणि डमी का डुलते

'विचारा की!' या सदराकडे या वेळी कपडे टांगण्या-मांडण्याचीच पत्रं जास्त आली. एकीकडे सणाआधी दुकान नव्यानं लावायची घाई, दुसरीकडे खानापूरकडचा न थांबणारा पाऊस. म्हणून हा अंक हँगर, दांड्या आणि डमी यांनाच दिला आहे. उत्तरं दुकानांचं फॅब्रिकेशन करणाऱ्या आणि शोकेस लावणाऱ्या मंडळींनी मिळून लिहिली आहेत.

प्रश्न : दुकानात भिंतीला दोन टोकांना कंस (ब्रॅकेट) मारून पाच फुटी स्टीलची दांडी बसवली आहे. तिच्यावर पन्नासेक साड्या हँगरला असतात. वर्षभरात मधोमध झोल आला. एक मिस्त्री म्हणतो जाड पाइप टाका, दुसरा म्हणतो मध्ये आधार द्या. कुणाचं ऐकू? (दुकानदार, निपाणी)

दोघंही खरं बोलतात, पण आधी दुसऱ्याचं ऐका. त्याचं काम स्वस्तही आहे.

एक साडी हँगरसकट पाऊण किलोच्या आसपास धरा. पन्नास साड्या म्हणजे चाळीस किलोच्या घरात. 'एक इंची स्टील' म्हणून जो पाइप विकतात तो बाहेरून २५ मिमी असतो खरा, पण त्याच्या पत्र्याची जाडी बऱ्याचदा ०.८ मिमीच असते. पाच फुटांवर चाळीस किलो सारखे पसरले की असा पाइप मध्यभागी १९ मिमीच्या आसपास खाली येतो, आणि मधल्या भागात पत्र्यावर पडणारा ताण स्टीलच्या सोसण्याच्या अगदी काठावर जातो. लग्नसराईत त्यावर आणखी दहा साड्या चढल्या किंवा गिऱ्हाइकानं एक साडी ओढून काढली, की काठ ओलांडला जातो. मग साड्या उतरवल्या तरी पाइप सरळ होत नाही. तुमच्या दांडीचं हेच झालंय.

जाड पाइपानं काय होतं? २५ मिमीचाच पण १.२ मिमी जाडीचा घेतलात तर झोल साडेतेरा मिमी. ३२ मिमी बाहेरचा, १.६ मिमी जाडीचा घेतलात तर पाच मिमी. डोळ्यांना पाच मिमी जाणवत नाही, पण हँगर मात्र मध्याकडे सरकत राहतात.

आता आधाराचं गणित बघा. साड्या तेवढ्याच दाट ठेवून दोन आधारांमधलं अंतर निम्मं केलं, तर झोल निम्मा होत नाही, सोळावा हिस्सा होतो. म्हणजे तुमची ०.८ मिमीची दांडी नवी आणून मध्ये एक कंस दिलात तरी झोल सव्वा मिमीवर येतो. मधल्या कंसापाशी हँगर अडतात, इकडून तिकडे सरकत नाहीत, एवढीच तक्रार. त्या कंसाचा उपयोग दुकानदार माप किंवा किंमत वेगळी करायला करतात. वाकलेला पाइप उलटा फिरवून बसवायचा सल्ला कुणी देईल, तो घेऊ नका. एकदा ताणलेला पत्रा दुसऱ्या बाजूलाही लवकरच बसतो.

खरी भीती मात्र पाइपाची नाही, कंसाच्या स्क्रूची आहे. हँगर सोळा-सतरा इंची असल्यानं दांडी भिंतीपासून फूटभर पुढे ठेवावी लागते. टोकाच्या कंसावर वीस किलो आले आणि कंसाच्या पट्टीवरच्या दोन स्क्रूंमध्ये ८ सेंटिमीटरच अंतर असलं, तर वरच्या स्क्रूला भिंतीतून उपसणारी ओढ पंचाहत्तर किलोंची होते. तीच पट्टी लांब घेऊन स्क्रूंमध्ये २० सेंटिमीटर ठेवलंत तर ओढ तीस किलोंवर येते. वजन तेच, दांडी तीच, फक्त पट्टी लांब. मध्ये आधार दिल्यावर सगळ्यात जास्त भार मधल्या कंसावर येतो, वीस ते पंचवीस किलो. म्हणून सगळ्यात लांब पट्टी त्याला द्या.

भिंत कशाची आहे हे तुम्ही लिहिलेलं नाही. विटेची असेल तर स्क्रू विटेत जावा, सांध्यातल्या चुन्यात किंवा सिमेंटात नको. खानापूर-बेळगाव पट्ट्यात जांभ्याच्या भिंती पुष्कळ आहेत. जांभा भोकाळ आणि भुसभुशीत, त्यात फुगणारा अँकर आवळला की दगडच आतून चुरतो आणि अँकर गोल फिरायला लागतो. तिथं भिंतीवर विसंबू नये. जमिनीपासून उभे अँगल घ्यावेत, भार त्यांच्यावरून खाली जमिनीत उतरवावा आणि भिंतीला फक्त मागं-पुढं हलू नये एवढंच बांधावं.

प्रश्न : इरकल आणि नऊवारीचं दुकान आहे. डमीवर नऊवारी नेसवली की तासाभरात निऱ्या उतरतात, पदर घसरतो. काष्टा तर नीट बसतच नाही. डमीही डुलते. शिवाय शोकेस पश्चिमेला आहे, रंग उडतो. (साडी दुकान, शहापूर)

नेसवायची कशी हे शहापूरकरांना आम्ही सांगायचं कारण नाही. डमी आणि बाई यांत फरक काय, तेवढं सांगतो.

पहिली गोष्ट डमीच्या खरेदीची. डमी तीन तऱ्हांनी उभी करतात : तळव्यातून दांडा, पोटरीतून दांडा किंवा बुडाखालून दांडा. बुडाखालून दांडा आला की काष्टा संपला, कारण कापड दोन पायांमधून मागं न्यायच्या वाटेतच लोखंड उभं असतं. एका खांबावरच्या बिनपायांच्या धडाची तीच गत. नऊवारीसाठी पोटरीतल्या दांड्याची, पाय निदान वीतभर फाकलेली डमी घ्या. एक पाय पुढे असेल तर आणखी बरं, काष्ट्याची कड पोटरीवर दिसते. गुडघे जुळवून उभी असलेली नखरेल डमी पंजाबी ड्रेसला ठीक, नऊवारीला निरुपयोगी.

दुसरी गोष्ट पकड. माणसाचं पोट मऊ असतं, निऱ्या खोचल्या की आवळून धरतं. डमीचा रंग गुळगुळीत आणि पोट कडक, तिथं खोचलेल्या निऱ्या नुसत्या अडकलेल्या असतात. म्हणून साडीआधी डमीला सुती बनियन घाला आणि कमरेला दोन इंची रुंद इलॅस्टिकचा पट्टा शिवून चढवा. पट्टा कमरेच्या मापापेक्षा दोन-तीन इंच आखूड ठेवा. परकराची नाडी कितीही आवळली तरी ती एका रेघेत धरते, पट्टा दोन इंचभर धरतो. नऊ वारांची सव्वाआठ मीटर साडी, निऱ्यांचा सगळा गठ्ठा एका ठिकाणी, त्याचं वजन पेलायला रेघ पुरत नाही. पदराखाली खांद्यावर सुती कापडाचा तुकडा बनियनलाच टाचून ठेवा. टाचणी त्या तुकड्याला आणि ब्लाउजला लावा, साडीला लावायची वेळ आलीच तर काठाच्या विणीत, एकच.

इरकलीला विशेष जपा. तिचं अंग सुती आणि पदर रेशमी, दोन्हींचे ताणे (उभे धागे) फासे घालून जोडलेले असतात. त्या जोडापाशी टाचणी टोचली आणि पदराचं वजन खाली लोंबत राहिलं, की चार दिवसांत तिथं जाळी दिसू लागते. पदर लांब सोडून दाखवायचा असेल तर खालचं टोक स्टुलावर किंवा ठोकळ्यावर टेकवा, अधांतरी नको.

डमी डुलते त्याचं कारण बहुधा पायाच्या थाळीतला बिनडोक्याचा स्क्रू असतो. दांडा ज्या नळीत बसतो तिच्या बाजूला तो असतो, अॅलन कीनं (सहाकोनी किल्लीनं) आवळतात. आवळूनही डुलत असेल तर दांडा झिजलाय. नळीत पातळ पत्र्याची पट्टी गुंडाळून घाला आणि मग आवळा. कागदाची पट्टी घालू नका, ती दबते.

रंगाचं म्हणाल तर पश्चिमेचं ऊन तीन वाजल्यानंतर आडवं येतं, वरच्या छज्जाचा त्याला उपयोग नाही. काचेला अतिनील किरण अडवणारी फिल्म लावा, पण फिल्म लावली म्हणजे सुटलो असं नाही. रंग उडवण्यात दिसणाऱ्या उजेडाचाही हात असतो. आतले जुने हॅलोजन काढून एलईडी घाला, हॅलोजनची धग रेशमाला सोसत नाही. आणि साडी आठवड्याला बदला. बदलताना निऱ्यांची बाजूही बदला, नाहीतर उडालेल्या रंगाचे पट्टे मोजून पडतात. महागाची साडी पश्चिमेच्या शोकेसमध्ये लावूच नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. ती आतल्या भिंतीवर लावा.

प्रश्न : हँगरची मापं सांगा. सगळ्यांना एकच हँगर चालतो ना? (कापड दुकान, संकेश्वर)

नाही चालत. मोठ्यांच्या शर्टाला १६ ते १७ इंच, लहान मुलांना वयाप्रमाणे १० ते १२, पँटच्या क्लिप हँगरला १२ ते १४, कोट आणि शेरवानीला १७-१८ इंच. कोटाच्या हँगरचे खांदे दीड-दोन इंच जाड हवेत. हँगरचं टोक बाहीच्या शिवणीच्या थोडं आत थांबलं पाहिजे. बाहेर गेलं की बाहीवर टोक उमटतं आणि धुतल्याशिवाय जात नाही. विणलेला, म्हणजे ताणणारा कपडा (स्वेटर, जड टी-शर्ट) हँगरला लावूच नका, घडी घाला.

प्रश्न : फायबरच्या डमीचा हात खांद्याच्या जोडापाशी तडकला. नवी घेणं परवडत नाही. घरी दुरुस्त होते का? कोणतं सोल्युशन वापरू? (रेडीमेड दुकान, बेळगाव)

होते, पण आधी ती खरोखर फायबरची आहे का ते बघा. हात काढून आत डोकवा. आत खरबरीत, केसांसारखे काचेचे धागे दिसले तर फायबर. आतूनही गुळगुळीत, दुधी रंगाचं आणि दाबल्यावर थोडं लवचीक असेल तर ते प्लास्टिक. त्या प्लास्टिकला रेझिन (हार्डनर घातल्यावर घट्ट होणारा द्रव) चिकटत नाही, वरून कितीही थापलं तरी पापुद्र्यासारखं निघतं. तसं असेल तर आतून पत्र्याची पट्टी घालून रिव्हेट मारा आणि बाही लांब असलेला कपडा घाला.

फायबर असेल तर सामान असं : पॉलिस्टर रेझिन पाव किलो, त्याचं हार्डनर, काचेची मॅट, म्हणजे काचेच्या धाग्यांची चटई (३०० किंवा ४५० ग्रॅमची) अर्धा मीटर, गाडीच्या डेंटिंगवाले वापरतात ती दोन भागांची पुट्टी, ८०, १२०, २२० आणि ४०० नंबरचे पॉलिश पेपर, जुना ब्रश, रबरी हातमोजे, मास्क. रेझिन विकत घेताना त्यात कोबाल्ट (रेझिन लवकर बसवणारं द्रव्य) आधीच घातलंय का ते विचारा. बहुधा घातलेलं असतं. नसेल आणि वेगळी बाटली दिली, तर कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळून घ्यायचं आणि मग हार्डनर टाकायचं. कोबाल्ट आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही ओतू नका, भडका उडतो. दोन्ही बाटल्या एका पिशवीत ठेवणंही टाळा. डोळ्यांत हार्डनरचा थेंब गेला तर लगेच पाण्यानं धूत राहायचं आणि डॉक्टर गाठायचा.

तडा कानशीनं व्हीच्या आकारात उघडा करा. बारीक तडा तसाच ठेवून वरून लेप दिला तर आतला तडा पुढे सरकत राहतो. आतल्या बाजूनं तड्याच्या दोन्हीकडं पाच-पाच सेंटिमीटर ८० च्या पेपरनं खरवडा, धूळ झटका, थिनरच्या बोळ्यानं पुसून वाळू द्या. मॅटचे दोन तुकडे कापा, पहिला लहान, दुसरा चारी बाजूंनी दोन सेंटिमीटर मोठा.

१०० ग्रॅम रेझिनला हार्डनर एक ते दोन ग्रॅम. उन्हाळ्यात एक, पावसाळ्यात किंवा गारठ्यात दोन. अंदाजानं ओतू नका. जास्त झालं की डबा हातात तापतो, रेझिन पिवळं पडून तडकतं. कमी झालं की आठवडाभर चिकटच राहतं. मिसळल्यावर पंधरा-वीस मिनिटंच हातात असतात, म्हणून एका वेळी शंभर ग्रॅमच करा. आधी खरवडलेल्या आतल्या बाजूला रेझिन लावा, मग मॅट ठेवा, मग ब्रशनं वरून टोचत टोचत रेझिन भिनवा. ब्रश घासायचा नाही, टोचायचा. घासला की धागे गोळा होतात आणि खाली हवेचे बुडबुडे राहतात. मॅट पांढरी दिसते तिथं हवा आहे, पारदर्शक झाली की भिनली.

वर हवा लागते तो थर वाळूनही थोडा चिकट राहतो, त्यात तुमची चूक नाही. हवेतला ऑक्सिजन वरचा थर पूर्ण बसू देत नाही. त्यावर पारदर्शक पॉलिस्टर शीट दाबून ठेवा, निघते सहज. भर पावसात मात्र हे काम करूच नका. दमट हवेनं मॅट पांढरट होते आणि थर सुटा राहतो. उघडीप मिळेपर्यंत थांबा, नाहीतर खोलीत आधी दोन तास हीटर किंवा मोठा बल्ब लावा.

दुसऱ्या दिवशी बाहेरून पुट्टी भरा, १२० नं घासा, २२० नं घासा, ४०० पाण्यात भिजवून घासा, प्रायमर आणि बिनचमकीचा रंग. चकचकीत रंगात पुट्टीची प्रत्येक लाट दिसते, बिनचमकीच्या रंगात लपते. हाताच्या जोडातली लोखंडी पट्टीच उपटली असेल तर ती जागेवर धरून तिच्या भोकांतून मॅटचे धागे ओढून रेझिनमध्ये बुडवा, नुसतं वरून चिकटवू नका. आणि पुढं हात काढताना आधी वर उचलून मग फिरवा. बहुतेक तडे जोड न सोडवता हात ओढल्यानं पडतात.

प्रश्न : आमचं कौलारू घर. जूनपासून सप्टेंबरपर्यंत कपडे वाळत नाहीत, वास येतो. छताला पुलीवर वर-खाली होणारा स्टँड करायचा आहे. कसा करू? आणि चिमटे गंजतात, त्याचं काय? (गृहिणी, खानापूर)

ताई, कल्पना चांगली आहे. जुन्या घरांत माजघरात वलणी असायचीच, हा तिचाच सुधारलेला भाऊ.

आधी वजन. सहा किलो कोरडे कपडे हातानं पिळून टांगले की बारा किलोंच्या आसपास भरतात. दांड्या आणि आडव्या पट्ट्यांचे तीन-चार किलो. म्हणजे पंधरा-सोळा किलो वर ओढायचे. छताला नुसत्या स्थिर पुल्या असतील तर दोरीला ओढ तेवढीच लागते, पुली फक्त दिशा बदलते. हाताला जड जाईल असं वाटत असेल तर दोरीचं एक टोक वर बांधून स्टँडला एक हलती पुली लावा. ओढ निम्मी होते, दोरी मात्र दुप्पट ओढावी लागते.

पुलीचे आकडे (हूक) कौलाखालच्या रीपेत नको, वाशात किंवा तुळईत मारा. आटे असलेला आकडा घ्या आणि आधी आट्यांच्या जाडीच्या दोन तृतीयांश भोक पाडा. भोक न पाडता फिरवलात तर जुनं सागवान चिरतं. वाळवी लागलेला वासा असेल तर आकडा सहज फिरतो, तिथंच थांबा. स्लॅबचं घर असेल तर ८ मिमीचा अँकर, ५० मिमी खोल.

दांड्या पाच फुटी, सहा. बांबू चालतो, पण जून आणि पूर्ण वाळलेला. हिरवा बांबू ओल्या कपड्यावर डाग देतो. गाठी घासून वार्निशचे दोन हात द्या. दोन दांड्यांत निदान १५ सेंटिमीटर ठेवा. इथंच बहुतेक घरं चुकतात. जागा वाचवायला दांड्या जवळ घेतात, कपडे एकमेकांना चिकटतात, मधली हवा दमट होऊन तिथंच राहते, आणि वास नेमका तिथून सुरू होतो. कपडा जितका वेळ ओला, तितका वास. साडी एका दांडीवर चौपदरी टाकू नका, दोन दांड्यांवरून एकेपदरी सोडा. जाड कपडे कडेच्या दांड्यांवर, पातळ मध्ये. पंखा वर नको. टेबलफॅन बाजूनं लावा, म्हणजे वारा कपड्यांमधून आडवा जाईल, आणि समोरची खिडकी बोटभर उघडी ठेवा, नाहीतर तीच दमट हवा फिरत राहते. चुलीच्या खोलीत बांधू नका.

दोरी पाच मिमीची विणलेली नायलॉन. भिंतीला चार फुटांवर लाकडी खुंटी घ्या आणि दोरी आठच्या आकड्यात गुंडाळा. लहान मुलं असतील तर खुंटी आणखी वर.

चिमट्यांबद्दलही विचारलंय. स्प्रिंगचा चिमटा नवा नाही, अमेरिकेत व्हरमाँटच्या डेव्हिड स्मिथनं १८५३ साली त्याचं पेटंट घेतलं. दोष अजून तोच, स्प्रिंग गंजते. गंजाचा डाग पांढऱ्या सुती कपड्यावर पडला तर लिंबू आणि मीठ लावून उन्हात ठेवा, मग भरपूर पाण्यानं धुवा. रंगीत कपड्यावर आणि रेशमावर हा उपाय नको.

प्रश्न : दुकानातली ही बाहुली आली कुठून? (निवृत्त शिक्षक, अथणी)

गुरुजी, 'मॅनेक्विन' हा शब्द डच भाषेतल्या 'छोटा माणूस' या अर्थाच्या शब्दावरून आला. तुतनखामेनच्या १९२२ साली सापडलेल्या थडग्यात हात-पाय नसलेलं एक लाकडी धड मिळालं. राजाचे कपडे किंवा दागिने ठेवायची ती डमी असावी असा शोधक हॉवर्ड कार्टर यांचा तर्क होता. पॅरिसात फ्रेडरिक स्टॉकमन यांनी १८६७ मध्ये शिंप्यांच्या धडांचा कारखाना काढला. पुढे शोकेससाठी मेणाच्या बाहुल्या आल्या, दिसायला हुबेहूब, पण दिव्यांच्या धगीनं त्या वितळायच्या. १९३० च्या दशकात लेस्टर गाबा यांनी न्यूयॉर्कात प्लास्टरची 'सिंथिया' केली. ती सुमारे पंचेचाळीस किलोंची होती आणि एका ब्यूटी पार्लरमधल्या खुर्चीवरून घसरून फुटली. फायबर आलं आणि डमी एका माणसाला उचलण्याजोगी झाली.

प्रश्न : ब्लाउज शिवते. ३४ ची तयार बॉडी (शिवणाची धड-डमी) घेतली, पण गिऱ्हाइकाच्या अंगाशी जुळत नाही. बत्तीसच्या गिऱ्हाइकाला तर उपयोगच नाही. मापाची बॉडी घरी होते का? (शिवणकाम, चिक्कोडी)

बॉडी भरता येते, कापता येत नाही. त्यामुळं दुकानासाठी नेहमी लहान, ३० किंवा ३२ ची घ्या आणि गिऱ्हाइकाच्या मापाप्रमाणे वॅडिंगचे (कापसासारख्या भरणीचे) थर टाचून वाढवा. गिऱ्हाइकाची ब्रा बॉडीला चढवून ती भरली की आकार जास्त खरा येतो. चकत्या फिरवून लहानमोठ्या होणाऱ्या बॉडीच्या मोहात पडू नका. मोठी केली की भागांमध्ये फटी पडतात आणि टाचणी नेमकी फटीवर येते.

एकाच अंगाची बॉडी हवी असेल तर कागदी टेपची करा. पाण्यानं चिकटणारा खाकी टेप, दोन इंची, सहा इंचांचे तुकडे. अंगाला घट्ट जुना टी-शर्ट, कमरेला दोरी. छातीखालून सुरुवात करून तिरके-उलटे तीन थर. दीडएक तास उभं राहावं लागतं, म्हणून जेवून घ्या, गुडघे ताठ ठेवू नका आणि पंखा लावा. वाळल्यावर पाठीच्या मध्यरेषेवर बोथट टोकाच्या कात्रीनं कापून काढा.

आता खरी मेख. टेप आणि टी-शर्ट मिळून तीन मिमी जाडी झाली की घेर जवळजवळ दोन सेंटिमीटरनं वाढतो. तसाच जोडला तर ब्लाउज ढिला येणार. पाठ जोडताना दोन्ही कडा दोन सेंटिमीटर एकमेकांवर चढवा, मग छाती आणि कंबर मापाच्या टेपनं मोजून बघा. आत चिंध्या ठासा, खाली पुठ्ठ्याचा तळ आणि मधून एक इंची पाइप.

प्रश्न : पॉलिटेक्निकला आहे. टी-शर्टचा गळा न ताणता आत जाणारा, खांदे मिटणारा हँगर केला आहे. कॉलेजच्या प्रदर्शनात ठेवणार आहे. पेटंट मिळेल का? (विद्यार्थी, बेळगाव)

प्रदर्शनात ठेवू नका, अजून नाही. लोकांपुढं ठेवली की वस्तू नवी राहत नाही आणि अर्ज तिथंच अडतो. आधी तात्पुरत्या वर्णनाचा अर्ज भरा, मग खुशाल दाखवा. तेव्हापासून बारा महिन्यांत पूर्ण वर्णन द्यावं लागतं.

त्याही आधी शोध घ्या. हँगर हे फार गजबजलेलं क्षेत्र आहे. १८६९ मध्ये अमेरिकेत ओ. ए. नॉर्थ यांनी कपडे टांगायच्या आकड्याचं पेटंट घेतलं. तारेच्या हँगरची गोष्ट १९०३ ची सांगतात. मिशिगनमधल्या तारेच्या कारखान्यात सगळ्या खुंट्या भरलेल्या बघून अल्बर्ट पार्कहाउस या कामगारानं तार वाकवली आणि कोट टांगला. १९३५ मध्ये एल्मर रॉजर्स यांनी खालच्या तारेवर पुठ्ठ्याची नळी घातली, पँटला घडीची रेघ पडू नये म्हणून. लॉन्ड्रीतून येणारा हँगर बघा, ती नळी अजून तिथं आहे. मिटणारे हँगरही पुष्कळ झालेत. तुमचा सांधा त्यांच्यापेक्षा कुठं वेगळा आहे, तेवढंच तुमचं.

शोधताना शब्दांपेक्षा पेटंटांच्या वर्गीकरणाचे क्रमांक वापरा. घरगुती हँगर 'ए४७जी २५' मध्ये, दुकानातल्या मांडणीच्या डमी 'ए४७एफ ८' मध्ये, शिंप्याच्या बॉडी 'ए४१एच ५' मध्ये, वाळवायचे स्टँड 'डी०६एफ ५७' मध्ये. ओळखीच्या दोन वस्तू नुसत्या शेजारी जोडल्या आणि प्रत्येक आपापलंच काम करत राहिली, तर भारतीय कायद्याच्या कलम ३(एफ) खाली अर्ज फेटाळला जातो. तुमच्या हँगरमध्ये बिजागरी आणि आकडा मिळून काही वेगळं घडत असेल, म्हणजे आकडा उचलला की खांदे आपोआप उघडत असतील, तर ते नेमकं वर्णनात लिहा आणि चित्रात क्रमांक घालून दाखवा.

व्यक्तीला ऑनलाइन अर्जाची फी १,६०० रुपये. परीक्षणाची विनंती वेगळी करावी लागते, आता ३१ महिन्यांच्या आत, आणि तिची फी वेगळी. पेटंट मिळालं तर अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं. सांध्यात काही नवं नसून फक्त दिसणं नवं असेल तर पेटंटऐवजी डिझाइनची नोंदणी करा, ती १० वर्षांची आणि पुढं ५ वर्षं वाढते.

आणि एक, आपल्या भागातल्या मुलांची हमखास चूक. पुण्या-मुंबईचं कुणी सांगतं म्हणून मुंबईच्या कार्यालयाकडं अर्ज करतात. राहण्याचा पत्ता बेळगावचा असेल तर कर्नाटकचे अर्ज चेन्नईच्या पेटंट कार्यालयाकडं जातात.